डोळे मिटून तोंड धुताना

तोंडाला साबण लावला, डोळे मिटले आणि पायाखालची फरशी नाहीशी झाली. त्याला दुसरे शब्द सुचत नाहीत. फरशी हलली असती तर ती आहे एवढं तरी कळलं असतं. ती नव्हतीच. उजवा हात नळाकडे गेला तो ओल्या नळावरून निसटला, मग कोपर बेसिनच्या कडेवर आपटलं, आणि त्या कळेनेच मला सांगितलं की बेसिन इथे आहे, भिंत तिथे आहे आणि मी या दोघांच्या मध्ये, डावीकडे कललेली, उभी आहे. डोळ्यांत साबण गेला. झोंबत होता तरी डोळे उघडेच ठेवले, कारण पुन्हा मिटायची हिंमत होईना. आरशात फेसाने माखलेला चेहरा, लाल डोळे आणि बेसिन धरून ठेवलेले दोन हात दिसत होते. बोटांची पेरं पांढरी पडली होती. पाणी तसंच वाहत होतं.

पडले नाही. घरात कुणाला कळलंही नाही. कोपरावर निळा डाग उठला, आठवड्यात तो गेला. पण ते दोन क्षण मनातून जाईनात. तोंड धुणं ही काय गोष्ट आहे? गेली चाळीसेक वर्षं रोज करत आलेली. आणि मी तर बरी होत होते. घरात न धरता चालत होते, जिना चढत-उतरत होते, भेटायला येणारे 'आता छान दिसतेस' म्हणत होते. त्या सकाळी मला पहिल्यांदा शंका आली की मी चालत होते ती पायांनी नव्हे, डोळ्यांनी. डोळ्यांनी भिंती धरून चालत होते.

त्याच्या पाच आठवडे आधी, पहाटे कूस बदलताना, खोली फिरायला लागली होती. चक्कर हा शब्द आपण किती सैलपणे वापरतो ते त्या दिवशी कळलं. एकदम उठून उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते ती वेगळी. इथे छत उजवीकडे धावत होतं, पुन्हा पुन्हा, एकाच दिशेने, आणि डोळे मिटले की मी स्वतःच धावायला लागत होते. उलट्या थांबेनात. डॉक्टरांनी डोळे तपासले. बुबुळं हळूहळू डावीकडे सरकत आणि झटक्याने उजवीकडे परतत, असं त्यांनी नंतर समजावून सांगितलं. डाव्या कानातून मेंदूकडे जाणारी, तोलाची खबर नेणारी नस सुजली होती, बहुधा एखाद्या विषाणूमुळे. ऐकू नीट येत होतं, बोलणं स्पष्ट होतं, हातापायांत ताकद होती. मेंदूत काही नाही ना, हे तपासून झाल्यावर घरच्यांच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. मी मात्र उशी दोन्ही हातांनी धरून पडले होते. पलंगावरून घरंगळून जाईन असं वाटत होतं, आणि पलंग भिंतीला लागून होता.

प्रत्येक कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, एकमेकींशी काटकोनात. डोकं वळलं की त्यांच्यातला द्रव क्षणभर मागे रेंगाळतो आणि त्यावरून मेंदूला वळल्याची खबर लागते. शेजारच्या दोन इवल्या पिशव्यांत कॅल्शियमचे बारीक स्फटिक असतात; कललो, वर गेलो, पुढे सरकलो, ते सांगण्याचं काम त्यांचं. हे सगळं शाळेत कधीतरी आकृती काढून पाठ केलेलं. नवल वाटलं ते एका गोष्टीचं, आणि ती मला आजारी पडल्यावरच कळली. डोकं अगदी स्थिर असतानाही हे दोन कान गप्प बसत नाहीत. दोन्हीकडून सारख्या गतीने खबर चालूच असते, आणि दोन्हीकडून सारखी आली म्हणजे मेंदू समजतो की आपण स्थिर आहोत. एक कान मुका झाला की दुसऱ्याची एकट्याची खबर येत राहते, आणि मेंदूला वाटतं की आपण त्या बाजूला गरगर फिरतोय. मी निपचित पडले होते आणि खोली फिरत होती ती माझा चांगला कान त्याचं रोजचं काम इमानाने करत होता म्हणून. हे समजल्यावर मला रडू आलं होतं. का, ते अजून नीट सांगता येत नाही.

नस पूर्ववत होईलच असं कुणी छातीठोक सांगत नाही. पण मेंदू नवा हिशेब शिकतो. दुबळ्या बाजूची खबर कमी येणार हे गृहीत धरून तो आपलं गणित पुन्हा मांडतो. त्यासाठी त्याला चूक कळावी लागते. म्हणून चक्कर दाबणाऱ्या गोळ्या पहिल्या काही दिवसांनंतर बंद झाल्या. घोटाळा जाणवलाच नाही तर मेंदू दुरुस्ती कशाची करणार? आणि म्हणूनच पडून राहायचं नसतं. १९४० च्या दशकात इंग्लंडमध्ये कॉथॉर्न आणि कुक्सी या दोन डॉक्टरांनी कानाला किंवा डोक्याला इजा झालेल्या रुग्णांसाठी व्यायाम बसवले. आधी नुसते डोळे हलवायचे, मग मान, मग बसून वाकायचं, मग उभं राहून चेंडू एका हातातून दुसऱ्या हातात टाकायचा, मग चालायचं, उघड्या डोळ्यांनी आणि मिटल्या डोळ्यांनी. ज्या हालचालीने चक्कर येते नेमकी तीच करायची. माझ्या हातात आलेला छापील कागद त्याच व्यायामांचा वंशज होता. तो मी पहिले पाच आठवडे अर्धामुर्धा केला. डोळे मिटून करायचे व्यायाम मी गाळत होते. भीती वाटते असं म्हणायची लाज वाटायची, म्हणून वेळ मिळाला नाही असं सांगायचे.

बेसिनची गोष्ट मात्र फिजिओथेरपिस्टना खरी खरी सांगितली. त्या माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी तरी लहान असतील, मला ताई म्हणतात. त्यांनी एकच विचारलं, "ताई, पायाखाली काय होतं?" मला आठवेना. घरी जाऊन पाहिलं. बेसिनसमोर जाड, मऊ पायपुसणं होतं.

तोल सांभाळायला माणसाकडे तीन आधार असतात: डोळे, कान आणि पायाचे तळवे-घोटे-सांधे. साबण लावून मी डोळे काढून घेतले होते. मऊ पायपुसण्याने तळव्यांची खबर पुसट केली होती. खाली वाकून मान पुढे घातली होती. उरला होता फक्त कान, आणि त्यातला एक मुका. एकोणिसाव्या शतकात बर्लिनमध्ये मोरित्झ रोमबर्ग नावाच्या डॉक्टरांनी लिहून ठेवलं की मज्जारज्जूला इजा झालेले काही रुग्ण डोळे उघडे असताना नीट उभे राहतात आणि मिटले की डोलायला लागतात. त्यांच्या नावाची ती चाचणी आजही केली जाते. तिच्याच एका रोजच्या रूपाला वैद्यकात तोंड धुण्याच्या बेसिनचं नाव आहे, कारण असे रुग्ण सकाळी तोंड धुताना पुढे झोक जाऊन पडत. त्यांचा पायांचा आधार गेलेला, माझा कानाचा. आजार वेगळा, जागा तीच. कितीतरी माणसं माझ्याआधी चेहऱ्याला साबण लावून अशीच चाचपडली असतील, हे वाचून मला एकाकी वाटायचं थांबलं.

त्यानंतर व्यायाम खरे सुरू झाले. एक पत्त्याएवढं कार्ड, त्यावर एक ठळक 'क'. हात लांब करून ते डोळ्यांसमोर धरायचं, नजर त्या अक्षरावर रोखायची आणि मान डावी-उजवी करायची, अक्षर पुसट होणार नाही इतक्याच वेगाने, आणि मग त्याहून थोडं जास्त. उजवीकडे मान गेली की 'क' आपल्या जागी ठाम. डावीकडे गेली की त्याची गाठ विरघळायची, उभी रेघ दोन व्हायची, पोटात ढवळायचं. दिवसातून तीनदा, एकेक मिनिट. त्या एका मिनिटानंतर मी जमिनीवर बसून राहायचे. मग जाड फोमच्या गादीवर उभं राहणं. मग एका पावलापुढे दुसरं पाऊल चिकटवून चालणं. आणि डोळे मिटून जागच्या जागी पन्नास पावलं टाकणं. ही जपानी डॉक्टर फुकुदा यांची चाचणी, १९५९ सालची. फिजिओथेरपिस्टच्या खोलीत मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले, डोळे मिटले, पन्नास मोजले. शपथेवर सांगितलं असतं की मी तसूभरही वळले नाही. डोळे उघडले तर समोर खिडकी नव्हती, कपाट होतं. मी डावीकडे पाव गिरकी घेतली होती आणि माझ्या कुठल्याही अवयवाला त्याचा पत्ता नव्हता.

आपण कुठे पाहतोय हेच आपल्याला माहीत नसावं, याची भीती पडण्यापेक्षा मोठी होती.

ते कपाट पाहिल्यावर बहुधा माझा चेहरा उतरला असेल. त्या म्हणाल्या, "बसा ताई. आता बसूनच चालायचं." मला वाटलं, विश्रांती देतायत. पण नाही. खुर्चीत पाठ टेकून, तळवे जमिनीला लावून बसायचं, डोळे मिटायचे, आणि समोरच्या मार्गिकेतून मनात चालायचं. टोकाच्या भिंतीपर्यंत जायचं, डावीकडून वळायचं, परत येऊन खुर्चीत बसायचं. बसले की 'आले' म्हणायचं. आधी खरोखर चालून झालं होतं, त्याला १९ सेकंद लागले होते. मनातल्या फेरीला ११ लागले. मला बरं वाटलं, मनात तरी मी चपळ होते. त्यांनी घड्याळ बाजूला ठेवलं आणि विचारलं, "वळताना आधी कुठलं पाऊल टाकलंत?"

मला उत्तर देता येईना. मी पुन्हा डोळे मिटले, पुन्हा गेले. भिंत जवळ आली, आणि पुढच्या क्षणी मी परतीच्या वाटेवर होते. वळणच नव्हतं तिथे. एखाद्या वहीचं पान कुणी फाडून न्यावं तसं. मी वळलेच नव्हते. तिसऱ्यांदा हट्टाने पाहिलं तेव्हा आणखी एक गोष्ट लक्षात आली: चालणारी बाई मला पाठमोरी दिसत होती. तिचा दुपट्टा दिसत होता, वेणी दिसत होती. म्हणजे मी चालत नव्हतेच, कुणाला तरी चालताना बघत होते. भिंतीशी आल्यावर तिला सोडून देत होते.

फ्रेंच संशोधकांनी १९८९ मध्ये याच प्रकारचा प्रयोग प्रसिद्ध केला होता. काही अंतरांवर खुणा केल्या. लोकांना डोळे बांधून तिथपर्यंत चालायला सांगितलं आणि नंतर तेच नुसतं मनात करायला. दोन्हींना लागणारा वेळ जवळजवळ सारखा आला. मनातल्या चालीलाही अंतर कापावंच लागतं. मग त्यांच्या पाठीवर २५ किलोचं ओझं दिलं. खरं चालताना त्यांना तेवढाच वेळ लागला, पण मनात चालताना जास्त लागला. कल्पनेत ओझं अधिक जड झालं. हे वाचताना मी बराच वेळ त्या ओळीवर थांबले. मन वाऱ्यासारखं कुठेही जातं असं आपण म्हणतो. पण शरीराबद्दल विचार करताना मनाला शरीराचेच नियम लागतात, त्याचं वजन लागतं, त्याची दुखरी बाजूसुद्धा लागते. दोन्ही कानांचा तोल गेलेल्या रुग्णांना मनातल्या मनात स्वतःचं शरीर फिरवून पाहणंही अवघड जातं, असं आढळलेलं आहे. माझा एकच कान गेलेला, तोही अर्धवट. तरीही ते फाटलेलं पान कुठून गेलं असेल याचा मला थोडा अंदाज आला.

इथे आजी आठवते. तिच्या शेवटच्या दोन-तीन वर्षांत घरातल्या भिंतीवर, तिच्या कमरेच्या थोडं वर, एक मळकट पट्टा उमटला होता. तिच्या खोलीपासून न्हाणीपर्यंत. ती हात टेकवत टेकवत जायची तो तिच्या तळव्याचा पट्टा. रंग दिला की वर्षभरात पुन्हा उमटायचा, आणि आम्हाला त्याचा राग यायचा. आणखी एका गोष्टीचा यायचा. चालता चालता तिला काही विचारलं की ती थांबायची. उत्तर द्यायची आणि मग पाऊल उचलायची. न्हाणीच्या दारात, जिन्यावर, भर रस्त्यात. "अगं आजी, चालता चालता बोल ना!" असं मी कितीदा म्हटलं असेल. ती हसायची. "थांब, एक एक करू दे," म्हणायची. १९९७ मध्ये स्वीडनमधल्या काही अभ्यासकांनी नेमकं हेच टिपलं: वृद्ध माणसांसोबत चालताना गप्पा सुरू करायच्या आणि कोण थांबतं ते पाहायचं. जे बोलण्यासाठी थांबले, त्यांचं पुढच्या सहा महिन्यांत पडण्याचं प्रमाण बरंच जास्त निघालं. चालणं ज्यांचं आपोआप होत नाही, ज्यांना प्रत्येक पावलाला मन द्यावं लागतं, त्यांच्याकडे बोलण्यासाठी मन शिल्लक उरत नाही. आजी सावकाश नव्हती. ती काम करत होती. आम्हाला जे फुकट मिळालं होतं ते ती प्रत्येक पावलाला मोजून देत होती, आणि मध्ये आम्ही तिला भाजी कुठली करायची ते विचारत होतो. पुढे ती पडलीच. तो पट्टा आम्ही नंतर पुसून काढला. आता वाटतं, राहू द्यायला हवा होता.

आजीसारखीच मी एक एक करायला शिकले. मनातल्या चालीतसुद्धा. फिजिओंनी सांगितलं, पाठमोरी बाई सोडून द्या, तिच्या आत जा. तुम्हाला तुमची पाठ दिसणार नाही, फार तर पायाचे अंगठे दिसतील. फरशी गार आहे का? टाच आधी टेकते की बाहेरची कड? वजन कुठून कुठे जातंय? पहिल्या दिवशी मला तीन पावलंही जाता आलं नाही, इतकं ते अवघड होतं. रोजचं चालणं इतकी वर्षं केलं, पण त्याचं आतून वर्णन करायला मला काहीच येत नव्हतं. मग आम्ही अदलाबदल करायला लागलो. दोन पावलं खरी टाकायची, थांबायचं, डोळे मिटून तीच दोन पावलं अंगात पुन्हा चालू द्यायची, मग पुन्हा खरी टाकायची. टाच टेकते ती गोल भाग म्हणून. मग तळव्याची बाहेरची कड एखाद्या होडीच्या कडेसारखी पसरत जाते. मग करंगळीखालचा उंचवटा, तिथून आडवं वजन अंगठ्याखाली, आणि शेवटी अंगठा जमीन ढकलतो. त्याच वेळी दुसऱ्या बाजूचा खुबा जरासा सुटतो. हे सगळं एका सेकंदाच्या आत होतं. चाळीस वर्षं माझ्या पायाखाली होत होतं, आणि मी तिथे नव्हते.

एके दिवशी त्यांनी माझ्या मांडीच्या मागच्या स्नायूवर बोटं ठेवली आणि म्हणाल्या, "समोरचा नळ धरायचाय असं समजून हात उचला." हात उचलला. "आता पुन्हा, आणि लक्ष मांडीवर." तेव्हा मला कळलं. हात हलण्याच्या किंचित आधी मांडी आवळली जात होती. सोव्हिएत संशोधकांनी १९६७ मध्ये हे मोजून दाखवलं होतं: उभ्या माणसाने हात झटकन वर केला की दंडाच्या वरच्या स्नायूच्या आधी पायांचे स्नायू कामाला लागतात. हात पुढे गेला की तोल पुढे जाणार, हे पायांना आधीच ठाऊक असतं. ते वाट पाहत नाहीत, तयारी करून ठेवतात. म्हणजे प्रत्येक साध्या हालचालीआधी शरीर तिचं चित्र स्वतःशी काढून पाहतच असतं. आपण डोळे मिटून मनात चालतो तेव्हा बाहेरून काही नवं आणत नाही. आतला तोच अंदाज जरा सावकाश, जरा मोठ्याने म्हणतो. मला तरी ते तसं वाटलं. "आता हात न उचलता नुसता मनात उचला," त्या म्हणाल्या. त्यांच्या बोटांना काही लागलं असेल की नाही कोण जाणे, पण मला मांडीत एक हलकी सावधगिरी जाणवली, दारावरची बेल वाजणार आहे हे माहीत असताना कान टवकारतात तशी.

घरी घड्याळ माझ्या लेकीच्या हातात असायचं. ती अकरा वर्षांची, फार काटेकोर. मी खुर्चीत डोळे मिटून बसायचे आणि ती वहीत आकडे लिहायची: खरं आणि मनातलं, दोन रकाने. "आई, आज मनात १४. अजून पळतेयस तू." तिसऱ्या आठवड्यात वळण दिसायला लागलं. नीट नाही. भिंत आली, मी डावा पाय जरा बाहेर टाकला, आणि मानेने डावीकडे वळायचं तेवढ्यात पोटात तीच ओळखीची कळ. तळहातांना घाम. खुर्चीत बसलेले असताना! मी डोळे उघडले नाहीत. भीती येऊ दिली, पाऊल टाकलं, मग दुसरं, मग खांदे, आणि मग शेवटी डोकं. 'आले' म्हटलं तेव्हा लेक काही बोलली नाही. मी पाहिलं तर ती वहीत लिहीत होती: खरं १८, मनातलं १९. पहिल्यांदाच मनातलं जास्त होतं. मला इतका आनंद झाला की तिला तो समजावून सांगता आला नाही. मी मनात सावकाश झाले होते, म्हणजे वळण तिथे होतं.

याच काळात एक चूकही केली, तीही लिहायला हवी. मनात चालणं मला आवडायला लागलं होतं. त्यात उलटी होत नाही, कुणी बघत नाही. एक आठवडा कामाची गर्दी होती तेव्हा मी फोमची गादी कोपऱ्यात उभी करून ठेवली, 'क'चं कार्ड पुस्तकात खुणेला घातलं आणि रोज वीस मिनिटं खुर्चीतल्या खुर्चीत चालले. मनातली चाल सुरेख झाली होती. आठवड्यानंतर गादीवर उभी राहिले, डोळे मिटले आणि चौथ्या सेकंदाला भिंत धरली. आदल्या आठवड्यात नऊ सेकंद उभी होते. कार्ड काढलं, मान डावीकडे नेली तर 'क' पुन्हा विरघळला. माझ्यापुरतं तरी कोडं सुटलं. मनातल्या चालीत अक्षर पुसट होत नाही. मेंदूला आपलं गणित कुठे चुकतंय हे त्या पुसटपणातूनच कळतं. डोकं इतकं वळलं आणि डोळे तितके वळले नाहीत, ही चूक खऱ्या मानेने, खऱ्या डोळ्यांनीच करावी लागते. खुर्चीतला सराव मला गादीवर चढायला तयार करत होता. गादीवर पडता पडता सावरण्याचं काम त्याला करता येत नव्हतं. पुनर्वसनात या सरावाला व्यायामाची जोड म्हणूनच मान आहे, व्यायामाची जागा त्याला कुणी देत नाही. हे मला सुरुवातीलाच सांगितलं होतं. मी ऐकलं नव्हतं.

आणि तरीही जोड म्हणजे क्षुल्लक नव्हे. १९७६ च्या एका प्रयोगाबद्दल वाचलं तेव्हापासून मला हे अधिकच पटलं आहे. माणसांना मिट्ट अंधारात खुर्चीवर बसवून फिरवलं आणि डोळ्यांची हालचाल मोजली. मान फिरली की नजर स्थिर ठेवायला डोळे उलट दिशेने फिरतात. हे कान घडवून आणतो, आपण ठरवून करत नाही. अंधारात मनातल्या मनात गणितं करायला सांगितली तेव्हा ही उलटी हालचाल डोक्याच्या वेगाच्या साधारण ६५ टक्के भरली. मग सांगितलं, भिंतीवर एक ठिपका आहे अशी कल्पना करा आणि त्याच्याकडे पाहत राहा. ती ९५ टक्क्यांवर गेली. मग म्हटलं, ठिपका तुमच्याबरोबरच फिरतोय असं समजा, आणि ती ३५ वर उतरली. अंधार तोच, खुर्ची तीच, फिरणं तेच. फक्त नसलेला ठिपका कुठे आहे असं मानलं, एवढाच फरक. कानासारख्या जुन्या, न विचारता काम करणाऱ्या यंत्रणेपर्यंत मनातला एक ठिपका पोचतो. मी तेव्हापासून फोमच्या गादीवर डोळे मिटताना एक काम करते: मिटण्याआधी खिडकीची कडी पाहून घेते, आणि मिटल्यावर ती तिथेच आहे असं पाहत राहते. अंधाराला एक कडी असली की तो चारी बाजूंनी अंगावर येत नाही.

गादीवरचे आकडे असे आहेत: ४, ७, ९, पुन्हा ४, मग ८, १२, १२, १७. काल २२. पन्नास पावलांनंतर आता खिडकी समोर असते, फक्त तिची डावी चौकट जरा जवळ येते. दमले की अजून डावीकडे ओढली जाते. संध्याकाळी, उजेड कमी झाला की, गर्दीत पावलं आपोआप जवळ जवळ पडतात. कुणी काही विचारलं तर मी थांबते आणि मग उत्तर देते. लेकीला हे ठाऊक आहे. ती माझ्या डाव्या बाजूने चालते आणि मी थांबले की तीही थांबते.

पायपुसणं मी बेसिनसमोरून काढलं नव्हतं. पहिले कित्येक दिवस ते पायाने बाजूला सारून, एक डोळा किलकिला ठेवून, अर्धा अर्धा चेहरा धूत होते. या रविवारी सकाळी ते सरळ केलं आणि त्याच्यावर उभी राहिले. आधी नुसती. टाचा, बाहेरची कड, अंगठे. नळाचं डोकं नीट पाहून घेतलं, त्यावरचा पाण्याचा थेंबसुद्धा. डोळे मिटून, कोरड्या हातांनीच, सगळं एकदा मनात करून पाहिलं: वाकणं, ओंजळ, पाण्याचा गारवा, आणि वर येताना तो डावीकडचा झोक. तो गाळला नाही. मग साबण लावला. डोळे मिटले. फरशी गेली नाही, पण ती दूर गेली, जाड गादीच्या तळाशी असावी तशी, आणि मी डावीकडे कलले. घोटा आवळला, खुबा सरकला, परत आले. पुन्हा कलले, पुन्हा परत आले. डावा हात आपोआप बेसिनच्या कडेवर, तिच्यापासून बोटभर वर, येऊन थांबला होता. चूळभर पाणी चेहऱ्यावर मारलं, मग आणखी एकदा, मग कानांच्या मागे. दाराबाहेर लेक मोजत होती, मला माहीत नव्हतं.

"आई, एकोणीस."